पिवळा झाकत नाही, पांढरा भुरभुरतो: छोट्या मूर्तींवरचे हट्टी ॲक्रिलिक रंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेझिनचा 75 मिलिमीटरचा मावळा, त्यावर काळं स्प्रे अस्तर (म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, प्रायमर), मग पिवळा अंगरखा, लाल पागोटं, पांढरी सुरवार आणि हातात भगवा झेंडा. पिवळ्याचे पाच-सहा हात देऊनही तो कुठे हिरवट तर कुठे पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. घड्यांमध्ये रंग साचून कोरीवकाम बुजायला लागलंय, पांढरा वाळल्यावर भुरभुरीत दिसतोय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की कोणत्या कंपनीचा पिवळा घेऊ?

कंपनीचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण त्याने तुमचे पैसे जातील आणि अंगरखा हिरवटच राहील. तुमची अडचण पिवळ्याच्या बाटलीत थोडी आहे, त्याच्या खालच्या काळ्यात जास्त आहे. पिवळा, लाल आणि भगवा हे बहुतेक वेळा पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक रंग असतात. पृष्ठभाग झाकायचं काम त्यांचं नव्हेच. ते काम खालच्या थराकडून करून घ्यायचं आणि यांच्याकडून फक्त छटा घ्यायची. एवढं एक बसलं की बाकीचं तंत्र आपोआप त्यामागून येतं.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी नवा रंग हातात आला तरी अंदाज बांधता येईल. ॲक्रिलिक रंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड, तिला धरून ठेवणारं ॲक्रिलिकचं द्रावण आणि पाणी. पाणी उडून गेलं की ॲक्रिलिकचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो आणि पूड त्यात अडकते. आता ही पूड खालचं किती झाकेल, हे बऱ्याच अंशी तिचा अपवर्तनांक (म्हणजे ती प्रकाशाला किती वाकवते याचं माप) आणि ॲक्रिलिकचा अपवर्तनांक यांत किती अंतर आहे यावर ठरतं. ॲक्रिलिकचा साधारण 1.5 असतो. पांढऱ्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा 2.7 च्या आसपास, म्हणून तो उत्तम झाकतो. झिंकच्या पांढऱ्याचा साधारण 2, तो त्यामानाने कमी झाकतो. गेरू, पिवळी माती, तपकिरी हे लोहाच्या ऑक्साइडचे रंगही चांगले झाकणारे. पण झगझगीत पिवळे आणि लाल बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि त्यांच्यातून प्रकाश बराचसा आरपार जातो. पूर्वीच्या झाकणाऱ्या पिवळ्यांमध्ये शिसं किंवा कॅडमियम असायचं. शिसं आता विषारी म्हणून जवळपास बाद झालंय. कॅडमियम चित्रकारांच्या महागड्या ट्यूबमध्ये अजून मिळतं, पण ते ब्रशचं टोक ओठांत धरून नीट करणाऱ्यांसाठी नाही, आणि एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून, तर ते अजिबात उडवू नये. (ब्रश ओठांत धरायची सवय असेल तर तशीही सोडा.)

मग तुमच्याकडचा रंग कोणत्या जातीचा, हे कसं ओळखायचं? चित्रकारांच्या बऱ्याच ट्यूबवर एक छोटा चौकोन छापलेला असतो. तो भरलेला असेल तर रंग अपारदर्शक, रिकामा असेल तर पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर मधला. शेजारी रंगद्रव्याचा क्रमांकही असतो (पीवाय म्हणजे 'पिगमेंट यलो'): पीवाय 74 किंवा पीवाय 3 दिसला तर तो सेंद्रिय पिवळा, पीवाय 42 किंवा 43 म्हणजे पिवळी माती, पीवाय 184 म्हणजे बिस्मथचा पिवळा. हा शेवटचा झगझगीत असूनही चांगला झाकतो, फक्त महाग पडतो. मूर्तींसाठीच्या छोट्या बाटल्यांवर मात्र अनेकदा यातलं काहीच छापत नाहीत. तिथे एक साधी परीक्षा करा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पर्मनंट मार्करने जाड काळी रेघ ओढा, ती पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येक रंगाचा एक सारखाच पातळ हात त्या रेघेवरून आडवा फिरवा. वाळल्यावर रेघ किती दिसते ते पाहा. माझ्या टेबलावर असा पुठ्ठा कायम असतो आणि नवी बाटली आली की मूर्तीला लागण्याआधी ती या रेघेवरून जाते. लेबलवर काय लिहिलंय त्यापेक्षा मी या पुठ्ठ्यावर जास्त विश्वास ठेवते.

आता पिवळ्याकडे येऊ. काळ्यावर अर्धपारदर्शक पिवळा दिला की तो हिरवट दिसणारच. पिवळ्यात काळा मिसळून पाहा, शेवाळी हिरवा तयार होतो. तुमच्या अंगरख्यावर थरांच्या रूपाने तेच झालंय. म्हणून आधी काळा घालवायचा. माझी रीत अशी आहे: अंगरख्याच्या सगळ्या भागावर पिवळ्या मातीच्या रंगाचे, म्हणजे येलो ऑकरचे, दोन पातळ हात. हा लोहाचा रंग, दोन हातांत काळं बुजवतो. अस्तरच पांढरं किंवा करडं असेल तर एकातही भागतं. तो पूर्ण वाळल्यावर त्यात किंचित तांबूस तपकिरी मिसळून घड्यांच्या खोलगट जागा रंगवायच्या: काखेत, कमरेच्या शेल्याखाली, कोपराच्या आतल्या चुण्यांत. सावली इथेच तयार होते, नंतर वरून काळपट धुवण (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) लावून नव्हे. त्यानंतर ऑकर आणि पिवळा निम्मे-निम्मे करून घडीचा उतार, आणि शेवटी निव्वळ पिवळा फक्त उजेडाच्या भागांवर, दोन किंवा तीन अगदी पातळ हातांत. सर्वांत वरच्या कडांवर पिवळ्यात क्रीम रंग किंवा फिकट त्वचेचा रंग अगदी थोडा घालायचा. शुद्ध पांढरा घातला तर पिवळा थंड, लिंबासारखा होतो आणि ऑकरपासून तुटून दिसतो. लिंबाचाच रंग हवा असेल तर मात्र ऑकर नको, पांढऱ्या अस्तरावरच जा. ऑकरऐवजी फिकट गुलाबी अस्तरावर पिवळा देणारेही पुष्कळ आहेत. त्याने पिवळा अधिक उबदार आणि ताजा दिसतो, रेशमी कापडाला छान. मावळ्याच्या सुती अंगरख्याला मला ऑकर बरा वाटतो, पण ही माझी आवड झाली.

पट्टे का पडतात, हा भाग वेगळा. ब्रश जिथे टेकतो तिथे रंग कमी सुटतो आणि जिथून उचलतो तिथे जास्त साचतो. पातळ रंगात तर वाळताना पूड थेंबाच्या कडेकडे सरकते आणि कडेला गडद रेघ उमटते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, ब्रश भरला की तो सरळ मूर्तीवर न्यायचा नाही. आधी जुन्या सुती कापडावर किंवा टिश्यूवर अलगद टेकवून जादा पाणी काढायचं. ब्रश ओला हवा, टपकणारा नको. दोन, ज्या दिशेला रंग जास्त हवा त्या दिशेला ब्रशची ओढ संपवायची. पिवळा चढवताना सावलीकडून घडीच्या उंच कडेकडे ओढ, सावली चढवताना नेमकं उलट. असं केलं की साचणारा रंगही तुमच्याच कामाचा होतो. आणि एकदा ओढलेल्या ओल्या जागेवर परत ब्रश फिरवायचा नाही. ॲक्रिलिकचा वरचा पापुद्रा मिनिटभरात धरायला लागतो आणि अर्धवट धरलेल्या थरावर ब्रश फिरला की तो फाटून खालचं उघडं पडतं. तुमच्या फोटोत छातीवर जे नकाशासारखे डाग दिसतात ते बहुधा याचेच. घाई असेल तर केस वाळवायचा ड्रायर मंद गतीवर, हातभर अंतरावरून फिरवा.

रंग किती पातळ करायचा? 'दुधाइतका' असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, आणि दर वेळी मला विचारावंसं वाटतं, की गाईच्या की म्हशीच्या? नखावर पाहा. अंगठ्याच्या नखावर एक ओढ द्या. रंग नखाच्या कडेच्या खाचेत आपोआप धावला तर तो फार पातळ, ब्रशच्या केसांच्या रेघा तशाच उमटून राहिल्या तर जाड, आणि सपाट पसरून जागच्या जागी राहिला तर बरोबर. नुसत्या पाण्याने फार पातळ केलं की धरून ठेवणारं ॲक्रिलिक कमी पडतं, पूड गोळा होते आणि वाळलेला थर बोटाने पुसला जातो. म्हणून पारदर्शक थरांसाठी मी पाणी आणि मॅट मीडियम दोन्ही घालते. मीडियम म्हणजे रंगद्रव्य नसलेलं ॲक्रिलिकच, तेव्हा रंग फिकट होतो पण कमकुवत होत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर पांढुरके डाग राहू शकतात. गॅरेजच्या दुकानात बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असतं आणि एक बाटली महिनोन् महिने पुरते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: रेघेवर रंग तपासा, खालचा थर झाकणाऱ्या मातीच्या रंगाचा द्या, ब्रश टिपून घ्या, ओढ उजेडाकडे संपवा, आणि वाळेपर्यंत हात आवरा. लाल आणि भगव्याला हेच सूत्र थोड्या फरकाने चालतं.

पागोट्याच्या लालाखाली गेरूचा किंवा विटकरी हात द्या. वर नॅफ्थॉल लाल, म्हणजे अर्धपारदर्शक सेंद्रिय लाल, असला तरी दोन हातांत भरतो. लालाचा खरा त्रास उजळ करताना होतो, कारण पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो. त्याऐवजी नारिंगी किंवा फिकट त्वचेचा रंग घाला, आणि पागोट्याच्या पिळांवर अगदी बारीक रेघा ओढा. सावलीला गडद तपकिरी किंवा थोडा गडद निळा. भगव्या झेंड्याला मात्र खाली पांढरट क्रीम द्या, त्यावर पिवळसर नारिंगी, आणि लहरींच्या खोलगट भागात विटकरी. झेंडा पातळ असतो, उजेड त्याच्या आरपार येतो असं वाटायला हवं, म्हणून इथे पारदर्शक रंग उलट फायद्याचाच ठरतो. गढूळ भगवा होतो तो बहुतेक वेळा ब्रशच्या पाण्यात आधीचा निळा किंवा काळा राहिल्याने. पाण्याची दोन भांडी ठेवा.

पांढऱ्याची गोष्ट उलटी आहे. टायटॅनियमचा पांढरा झाकतो उत्तम, पण पूड जड असते आणि बाटलीच्या तळाशी बसते. वरवर हलवून ओतलं की हातात येतं ते नुसतं द्रावण. मग झाकत नाही म्हणून आपण जाड लावतो, आणि जाड पांढरा भुरभुरीत वाळतो. बाटलीत एक-दोन गोळ्या टाकून मिनिटभर नीट हलवा. गोळ्या काचेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. सायकलच्या दुकानातले छर्रे टाकू नका, ते पाण्यात गंजतात आणि थोड्या महिन्यांत पांढरा पिवळट होतो. आणि सुरवार पांढरी आहे म्हणून पांढऱ्याने रंगवू नका. फिकट करडा किंवा फिकट खाकी सगळीकडे, त्यावर मोतिया, आणि शुद्ध पांढरा फक्त गुडघ्यावर, मांडीच्या वरच्या घडीवर आणि कडेला. सगळं पांढरंच दिलं तर उजळ करायला जागाच उरत नाही. मातीत वावरणाऱ्या मावळ्याची सुरवार घोट्यापाशी मळकी असली तर अधिकच खरी वाटते.

हवामानावरही बरंच अवलंबून आहे. तुम्ही विदर्भात राहता असं लिहिलंय. मे महिन्यात पंख्याखाली बसून रंगवलं तर रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो आणि मूर्तीवर बारीक गुठळ्या जातात. पंखा बंद करणं अमानुष आहे हे मान्य, पण निदान त्याचा झोत टेबलावर नको. ओली पॅलेट मात्र कराच: झाकणाचा चपटा डबा, त्यात ओला स्पंज किंवा घडी केलेला किचन टॉवेल आणि वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंगचा बटर पेपर नको, तो ओला झाला की सुरकुत्या पडतात. मेणकागदही नको, त्यातून पाणी वर येत नाही. डबा बंद करून ठेवला की मिसळलेली छटा दुसऱ्या दिवशीही वापरता येते. पाऊस लागला की गणित उलटं होतं. मुंबई-कोकणात जुलैत रंग सावकाश वाळतात, ते बरंच; पण स्प्रेचं अस्तर आणि मॅट वार्निश हवेतल्या ओलाव्याने पांढुरकं पडू शकतं. पाऊस कोसळत असताना स्प्रे करू नका. तेव्हा ब्रशने लावायचं वार्निश वापरा, आणि तेही आधी बैठकीच्या खालच्या बाजूला लावून पाहा. ओल्या पॅलेटचं पाणी पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डब्याला कुबट वास येतो.

आता कंपन्यांचं. कापडावर रंगवायचे ॲक्रिलिक स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतात आणि स्वस्त असतात, पण ते कापडाबरोबर वाकावेत म्हणून मऊ ठेवलेले असतात. मूर्तीवर जाड बसतात आणि दमट हवेत हाताला किंचित चिकट लागतात. दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवायला ते पुरेसे आहेत, तिथे बघणारा दोन-तीन फुटांवरून बघतो. फक्त माती रंगातलं पाणी शोषून घेते, म्हणून आधी पाण्याने पातळ केलेल्या फेविकॉलचा किंवा मॅट मीडियमचा एक हात द्या. कॅम्लिनसारख्या कंपन्यांचे चित्रकारांसाठीचे ट्यूबमधले ॲक्रिलिक त्याहून चांगले. ते कॅनव्हाससाठी घट्ट बनवलेले असतात, मीडियम घालून बरेच पातळ करावे लागतात, पण तपकिरी, गेरू, ऑकर, काळा हे रंग मी आजही ट्यूबमधलेच वापरते. मातीचे रंग कुठल्याही कंपनीचे सहसा दगा देत नाहीत. पिवळा, लाल आणि पांढरा हे तीन मात्र व्हलेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर यांच्यासारखे मूर्तींसाठीच बनवलेले घ्या. त्यांची पूड बारीक दळलेली असते, आणि पैसे खर्च करायचेच तर तिथे करावेत. तामियाचे ॲक्रिलिक आपल्याकडे मॉडेलच्या दुकानांत मिळतात म्हणून बरेच जण घेतात. ते एअरब्रशला फार सुरेख आहेत. पण त्यांत अल्कोहोल जातीचं द्रावक असतं, त्यामुळे ब्रशने दुसरा हात देताना पहिला सुटून वर येतो. ब्रशनेच वापरायचे असतील तर त्यांचंच थिनर आणि थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला, आणि दोन हातांमध्ये चांगले तास-दोन तास जाऊ द्या.

तलवारीच्या मुठीला आणि कंबरपट्ट्याला सोनेरी देणार असाल तर खाली तपकिरी किंवा विटकरी द्या, कारण सोनेरीतल्या चकाकत्या पापुद्र्यांमधून खालचं डोकावतं. पात्याच्या चंदेरीखाली काळं चालेल. आणि धातूचे रंग सर्वांत शेवटी, वेगळ्या पाण्यात. त्यातली चमकी एकदा नेहमीच्या भांड्यात गेली की पुढचा चेहराही चमचमायला लागतो.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हा मावळा धुवून पुन्हा सुरुवात करावी का. हे घड्या किती बुजल्या आहेत यावर ठरेल. टॉर्च बाजूने आडवी धरून पाहा. चुण्यांच्या सावल्या अजून तीक्ष्ण पडत असतील तर धुवायची गरज नाही. आहे त्यावर ऑकरचे दोन हात द्या आणि तिथून पुढे चला. फोटोवरून मला पाठीचा भाग ठीक वाटतो, छातीवर शंका आहे. चुण्या गोलसर, मेणचट दिसत असतील तर रंग काढावाच लागेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ टूथब्रशने चोळून ॲक्रिलिक निघतो. पण रेझिनच्या जाती वेगवेगळ्या असतात आणि काही, विशेषतः थ्रीडी प्रिंटचे, जास्त वेळ भिजले तर मऊ पडतात. म्हणून मूर्ती बुडवून ठेवू नका. आधी तळव्याखाली कापसाने लावून पंधरा मिनिटं थांबा, नखाने दाबून पाहा, मग थोडा थोडा भाग चोळून काढा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रावण, वापरू नका. प्लॅस्टिकची मूर्ती त्यात विरघळते आणि रेझिनचाही भरवसा नाही. रंग निघाल्यावर साबणाच्या पाण्याने धुवा, रात्रभर वाळू द्या आणि या वेळी अस्तर काळ्याऐवजी करडं घ्या. चेहरा तुमचा मूळचाच फार चांगला उतरलाय. रंग काढताना त्याच्यावर अल्कोहोल जाऊ नये म्हणून मानेपासून वर चिकटपट्टी गुंडाळून घ्या.